घर पाहावं बांधून, रेव्हिट पाहावं मांडून

मी रेव्हिटला, म्हणजे इमारत थ्रीडीत मांडायच्या सॉफ्टवेअरला, किती तारे देते, हे तुम्ही मला कुठल्या दिवशी विचारता त्यावर आहे. नव्या कामाची फाइल मांडायला बसले त्या सोमवारी विचारलं असतं, तर पाचपैकी दोन. चार महिन्यांनी तिसऱ्या मजल्याच्या शाफ्टचा, म्हणजे पाइपांच्या उभ्या पोकळीचा, छेद काढून दाखवला आणि साइटवरच्या प्लंबिंगवाल्या काकांनी काही न बोलता मान डोलावली, त्या दिवशी साडेचार. आज डोकं शांत आहे, तर चार म्हणा.

आधी मी कोण ते सांगते, म्हणजे माझं बोलणं किती मनावर घ्यायचं ते तुम्हाला ठरवता येईल. मिरजेच्या शासकीय तंत्रनिकेतनातून मेकॅनिकलचा डिप्लोमा, मग ऑटोकॅडच्या चौदाव्या आवृत्तीवर डक्टच्या, म्हणजे एसीच्या हवेच्या नळांच्या, दोन-दोन रेघा ओढण्यात गेलेली उमेदीची वर्षं, आणि आता कोथरूडला दोन खोल्यांत आमचं चौघांचं ऑफिस. एसी, प्लंबिंग, फायर, इलेक्ट्रिकल, म्हणजे इमारतीच्या पोटातलं सगळं आम्ही काढतो. रेव्हिट आम्ही आधी वापरलं होतं, पण दुसऱ्यांच्या फाइलीत. कुणीतरी मांडून दिलेल्या चुलीवर जाऊन भाकऱ्या थापाव्यात तसं. चूल स्वतः मांडायची वेळ आली ती साताऱ्याजवळच्या एका ६० खाटांच्या रुग्णालयामुळे. तळमजला अधिक चार मजले, दोन ऑपरेशन थिएटरं, ऑक्सिजनची लाइन, आणि सगळं थ्रीडीत हवंच असा आर्किटेक्टचा हट्ट.

रेव्हिटचा स्वभाव समजून घ्यायचा तर त्याचा जन्म माहीत असलेला बरा. १९९७ मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये सुरू झालेल्या एका छोट्या कंपनीचं हे अपत्य. २००२ मध्ये ऑटोकॅडवाल्या ऑटोडेस्कने ती १३ कोटी ३० लाख डॉलरला विकत घेतली. तोवर हे होतं आर्किटेक्टांचं हत्यार. आमच्यासारख्यांची पाइप-डक्टची बाजू नंतर वेगळं उत्पादन म्हणून आली आणि २०१३ च्या आवृत्तीत आर्किटेक्चर, स्ट्रक्चर, एमईपी (मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, प्लंबिंग) अशा तिन्ही चुली एका घरात आल्या. म्हणजे बैठकीची खोली आधी बांधली आणि न्हाणीघर मागाहून जोडलं. वापरताना हे पदोपदी जाणवतं. भिंत काढायला सोपी आहे. पाइप काढण्याआधी मात्र पाइप म्हणजे काय ते त्याला शिकवावं लागतं.

इन्स्टॉल करण्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. विंडोज लागतं, मॅकवर थेट चालत नाही, आणि रॅम ३२ जीबीच्या खाली असेल तर लिंक केलेल्या, म्हणजे दुसऱ्यांकडून आणून आपल्या फाइलीला जोडलेल्या, फाइली उघडेपर्यंत चहा होतो. एकच गोष्ट कळकळीने सांगते: स्वस्त पडतं म्हणून रेव्हिट एलटी घेऊ नका. त्यात एकाच फाइलीवर अनेकांनी काम करायची सोय नाही आणि डक्ट-पाइपची हत्यारंही नाहीत. आम्हाला विकायला आलेला मुलगा अर्धा तास एलटीची तारीफ करत होता. 'यात डक्ट काढता येतो का?' म्हटल्यावर म्हणाला, 'मॅडम, विचारून सांगतो.'

दुसरं, आवृत्तीचं. वरच्या आवृत्तीत जतन केलेली फाइल खालच्या आवृत्तीत उघडतच नाही, आणि मागे जायचा बटणाचा रस्ता नाही. म्हणून काम सुरू व्हायच्या आधी आर्किटेक्ट, स्ट्रक्चर आणि आपण कुठल्या वर्षाची आवृत्ती वापरणार हे ईमेलवर लिहून घ्या. फोनवर नको.

आता मांडणी. नवा प्रोजेक्ट उघडताना टेम्पलेट, म्हणजे तयार साचा, विचारतं. मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, प्लंबिंग, किंवा सगळं एकत्र असलेलं सिस्टिम्स. मी सिस्टिम्स घेतलं. त्यात 'लेव्हल १', 'लेव्हल २' हे मजल्यांच्या उंचीचे टप्पे आयतेच असतात. मी ते आर्किटेक्टचे नाहीत म्हणून उत्साहाने उडवले, आणि त्यांच्यासोबत त्यांचे सगळे प्लॅनही गेले. रेव्हिटने तसं सांगितलं होतं, मी वाचलं नव्हतं. हा माझा दोष. रेव्हिटचे इशारे सासूच्या बोलण्यासारखे असतात. दहातले नऊ दुर्लक्ष करण्याजोगे, आणि दहावा नेमका कामाचा.

मग आर्किटेक्टची फाइल लिंक करायची. ओरिजिन टू ओरिजिन, म्हणजे दोन्ही फाइलींचे मूळ बिंदू एकावर एक, आणि लगेच पिन, म्हणजे जागची हलू नये. आमच्या आर्किटेक्टने मॉडेल सर्व्हेच्या को-ऑर्डिनेटवर, म्हणजे रेव्हिटच्या आतल्या मूळ बिंदूपासून कित्येक किलोमीटर दूर काढलं होतं. तसं झालं की रेघा थरथरतात, पाइप जोडताना टोकं नीट पकडत नाहीत. ते जवळ आणून, खरा पत्ता शेअर्ड को-ऑर्डिनेटमध्ये ठेवून परत पाठवा म्हणून सांगण्यात दोन दिवस गेले. हे दोन दिवस देण्यासारखे असतात. नंतर हेच करायचं तर महिनाभराचं काम हलवावं लागतं.

लेव्हल आणि ग्रिड (खांबांच्या आखणीच्या रेघा) घ्यायचे कॉपी/मॉनिटरने. इथे रेव्हिट खरंच हुशार आहे, आणि इथेच माझी सगळ्यात मोठी फजिती झाली. कॉपी/मॉनिटर म्हणजे आर्किटेक्टचा लेव्हल आपल्या फाइलीत येतो, वर त्याच्यावर पाळतही राहते. त्यांनी लेव्हल हलवला की लिंक नव्याने चढताना आपल्याला सूचना येते. दुसऱ्या महिन्यात तशी आली. तिसरा मजला १५० मिमी वर गेला होता. खिडकीत चार पर्याय: पुढे ढकला, नाकारा, 'अॅक्सेप्ट डिफरन्स', किंवा लेव्हल हलवा. मी 'अॅक्सेप्ट डिफरन्स' दाबलं. बदल मान्य आहे, तर अॅक्सेप्टच करायचं ना? नाही. त्याचा अर्थ होतो, 'फरक आहे हे मला मान्य आहे, राहू दे तसाच.' लेव्हल जागचा हलत नाही, आणि सूचना मात्र गप्प होते. आठ दिवस आमचे तिसऱ्या मजल्याचे डक्ट जुन्या उंचीवर फिरत होते. शेवटी आमच्या ऑफिसातल्या स्नेहलने एका छेदात पाहिलं की डिफ्यूझर (हवा सोडणारी जाळी) फॉल्स सीलिंगच्या खाली हात लोंबकळावा तसा लोंबतोय. आता आमच्या भिंतीवर कागद चिकटवलेला आहे: 'अॅक्सेप्ट म्हणजे हो नव्हे.'

लेव्हल कुठला धरायचा हाही एक बोलून घेण्याचा मुद्दा. आर्किटेक्टचा लेव्हल तयार फरशीचा, स्ट्रक्चरवाल्यांचा स्लॅबचा, मध्ये आमच्या कामात ७५ मिमी. पाइपची उंची ज्या लेव्हलपासून मोजली जाते तो दोघांचा वेगळा असेल तर बीममधली स्लीव्ह, म्हणजे पाइपसाठी ठेवलेलं भोक, चुकते. आम्ही फरशीचा धरला आणि तसं प्रत्येक ड्रॉइंगच्या कोपऱ्यात छापलं.

युनिटबद्दल मी तोंड भरून कौतुक करीन. आपल्याकडे एसीवाल्यांचं गणित खिचडी असतं. डक्ट मिलिमीटरमध्ये, हवा सीएफएममध्ये (मिनिटाला घनफूट), थंडावा टनात. रेव्हिटला त्याचं काही वावडं नाही. हवेचा प्रवाह सीएफएम, कूलिंग लोड टन, पाण्याचा प्रवाह लिटर प्रति सेकंद, माप मिमी, असं एकेक ठरवून दिलं की ते मुकाट्याने बदलून दाखवतं. पाच मिनिटांचं काम. इतकं सरळ बाकीचं असतं तर मी पाच तारे दिले असते.

त्यानंतर स्पेसेस. खोल्या आर्किटेक्टच्या, त्यांवर आपण आपल्या स्पेस ठेवतो, म्हणजे क्षेत्रफळ, घनफळ, हवा यांचा हिशेब लागतो. त्याआधी लिंकच्या टाइप प्रॉपर्टीत 'रूम बाउंडिंग'ला टिक हवी, नाहीतर आर्किटेक्टच्या भिंती रेव्हिटच्या दृष्टीने भिंतीच नसतात. आणि घनफळ मोजायचा पर्याय वेगळा चालू करावा लागतो, आपोआप ते फक्त क्षेत्रफळ मोजतं. एवढं करूनही आमचा आकडा चुकला. ऑपरेशन थिएटर ६ बाय ६ मीटर, सीलिंग ३ मीटरवर, म्हणजे १०८ घनमीटर. तासाला २० हवाबदल धरले तर २,१६० घनमीटर, साधारण १,२७० सीएफएम. रेव्हिटच्या शेड्यूलमध्ये, म्हणजे तक्त्यात, आले १,७८०. रेव्हिट खोटं बोलत नव्हतं. आर्किटेक्टने फॉल्स सीलिंग अजून टाकलंच नव्हतं, म्हणून स्पेस ४.२ मीटरवरच्या स्लॅबपर्यंत पोचली होती. हा आकडा तसाच एएचयूवाल्याकडे, म्हणजे हवा थंड करून पाठवणारं मशीन देणाऱ्याकडे, गेला असता तर मशीन मोठं आलं असतं आणि बिलही. तेव्हापासून मी सीलिंग येईपर्यंत प्रत्येक स्पेसची वरची हद्द हाताने घालते. हीट लोड, म्हणजे किती थंडावा लागेल तो हिशेब, मात्र आम्ही अजूनही एक्सेलमधल्या ई-२० तक्त्यातच काढतो. रेव्हिटमध्ये त्याची सोय आहे, पण ज्या आकड्यावर सही करायची तो माझ्या हाताखालून गेलेला मला हवा.

आता खरी गोम. पेटीतून निघालेलं रेव्हिट अमेरिकेतलं असतं. मेट्रिक टेम्पलेट घेतलं तरी.

इलेक्ट्रिकलपासून बघा. डिस्ट्रिब्यूशन सिस्टिममध्ये १२०/२०८ आणि २७७/४८० बसलेले. आपले २३० आणि ४१५ तुम्ही लिहायचे, त्यांची किमान-कमाल हद्द घालायची, आणि मग प्रत्येक डीबीला, म्हणजे वीज वाटणाऱ्या पॅनेलला, ती सिस्टिम नेमून द्यायची. नाही दिली तर दिव्यांचं सर्किट करताना पॅनेलची यादी रिकामी दिसते. आमचा इलेक्ट्रिकलचा मुलगा, ऋषिकेश, एक अख्खी दुपार रिकाम्या यादीकडे बघत बसला होता. त्याला वाटलं सॉफ्टवेअर बिघडलं. वायरची मापं अमेरिकी गेजमध्ये असतात, आपली चौरस मिलिमीटरची भरायची. फेज ए-बी-सी असतात, त्यांची नावं आर-वाय-बी करायची. हे एकदा केलं की पॅनेल शेड्यूल आपोआप लोड वाटून दाखवतं, आणि तेव्हा मात्र ऋषिकेशने मला स्वतःच्या पैशाने वडापाव खाऊ घातला.

पण जीव गेला तो प्लंबिंगमध्ये. रेव्हिटला पाइपचे काही ठरावीक वर्गच माहीत आहेत: गार पाणी, गरम पाणी, सॅनिटरी, व्हेंट, चिल्ड वॉटरसाठी येणारं-जाणारं, फायरचे चार प्रकार, आणि 'अदर'. नवा वर्ग तुम्ही तयार करू शकत नाही, असलेल्याची प्रत काढून नाव नि रंग बदलू शकता. आपल्याकडे मैल्याची लाइन वेगळी, मोरी-बेसिनच्या सांडपाण्याची वेगळी, पावसाची तिसरी. पावसाच्या पाण्याचा वर्गच नाही. आम्ही सॅनिटरीच्या तीन प्रती काढल्या. फ्लशिंगचं पुनर्वापराचं पाणी गार पाण्याची प्रत झाली. ऑक्सिजन, व्हॅक्यूम, मेडिकल एअर सगळे 'अदर'च्या पोटात. हे चालतं, पण ज्या आउटलेटला हा पाइप जोडायचा त्याच्या फॅमिलीतला, म्हणजे रेव्हिटमधल्या तयार वस्तूतला, कनेक्टरही 'अदर'च हवा, नाहीतर पाइप जोडलेला दिसतो आणि सिस्टिममध्ये जात नाही.

पाइपची मापं हा दुसरा खंड. एसडब्ल्यूआर, म्हणजे सांडपाण्याचे पीव्हीसी पाइप, यांची आयएस (भारतीय मानक) १३५९२ ची ७५, ९०, ११०, १६०, बाहेरच्या व्यासाने. गरम-गार पाण्याच्या सीपीव्हीसीची आयएस १५७७८ ची. जीआयची, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पाइपची, आयएस १२३९ ची, तिथे माप नॉमिनल बोअरचं (नावापुरता आतला व्यास), म्हणजे १०० चा पाइप बाहेरून ११४ च्या आसपास. प्रत्येक मापाचा आतला व्यास, बाहेरचा व्यास तक्त्यात हाताने भरायचा. स्नेहलने आणि मी दोन दिवस समोरासमोर बसून, एकीने वाचायचं नि दुसरीने भरायचं असं केलं, मुलांचा पाढा घ्यावा तसं. मग राउटिंग प्रेफरन्स: या पाइपला कोपऱ्यात कुठलं बेंड, फाट्याला कुठला टी, माप बदलताना कुठला रिड्यूसर. एकही जागा रिकामी राहिली की पाइप वळवताना रेव्हिट हात वर करतं, रस्ता सापडला नाही म्हणून. वळणाचे कोन आम्ही ९० आणि ४५ वर बांधले. नाहीतर ते ३७ अंशाचंही बेंड खुशाल दाखवतं, आणि ते मंडईतल्या कुठल्या दुकानात मिळतं ते सांगत नाही.

आणि नहाणी ट्रॅप, म्हणजे मोरीतल्या जाळीखालचं पाणी धरून ठेवणारं भांडं. तयार लायब्ररीत फ्लोअर ड्रेन असतो, पण आपला नहाणी ट्रॅप, गली ट्रॅप, हे कुठून येणार? कॅटलॉग समोर ठेवून आम्ही फॅमिली बनवल्या. पहिली फॅमिली मी कंपनीच्या डीडब्ल्यूजीतून, म्हणजे ऑटोकॅडच्या फाइलीतून, आयात करून झटपट केली, आणि प्रोजेक्टमध्ये आयात केलेल्या रेघांच्या नमुन्यांचा कचरा घेऊन आले. ती फेकून दुसरी साध्या एक्स्ट्रूजनने (आकार ओढून ठोकळा करून) केली. दिसायला डबा, पण हलकी.

टॉयलेटच्या प्लॅनचा किस्सा सांगितल्याशिवाय राहवत नाही. दुसऱ्या मजल्याच्या संडासाच्या लाइनी दुसऱ्या मजल्याच्या स्लॅबखाली, म्हणजे पहिल्या मजल्याच्या सीलिंगमध्ये लोंबतात. पण प्लॅन मात्र दुसऱ्या मजल्याचा काढायचा असतो. व्ह्यू रेंज, म्हणजे प्लॅनमध्ये कुठून कुठवरची उंची दिसावी ते, टेम्पलेटची होती, तळ शून्यावर. स्नेहलने ११० ची लाइन काढली, दिसली नाही. खाली पिवळा इशारा आला की काढलेलं या प्लॅनमध्ये दिसत नाहीये. तिने तो बंद केला, पुन्हा काढली. पुन्हा दिसली नाही. तिसऱ्यांदा काढली. दुपारी मी थ्रीडी उघडलं तर एकात एक तीन पाइप, रांगोळीची रेघ गिरवल्यासारखे. व्ह्यू रेंजचा तळ उणे ९०० वर नेला आणि तो प्लंबिंगच्या व्ह्यू टेम्पलेटमध्येच घालून टाकला. आता आपोआप येतं.

उताराचंही तसंच. मेकॅनिकल सेटिंग्जमध्ये आम्ही १:६० आणि १:८० भरून ठेवले. काका पहिल्यांदा ऑफिसात आले तेव्हा स्क्रीनकडे संशयाने बघत म्हणाले, 'मॅडम, तुमच्या कॉम्प्युटरला ढाळ कळतो का?' मी नऊ मीटरची लाइन ओढून दाखवली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत १५० मिमी उतरली. काकांनी बोटांवर हिशेब केला. मग म्हणाले, 'मग बीम आडवा येणार की.' येतच होता. मॉडेलमध्ये दिसतही होता, आम्हीच बघितला नव्हता.

वर्कसेट, म्हणजे फाइलीतले कामाचे वाटे, आम्ही सेवेप्रमाणे केले, आणि आर्किटेक्टच्या व स्ट्रक्चरच्या लिंकला प्रत्येकी वेगळा, म्हणजे नको तेव्हा बंद करून मशीनला श्वास घेऊ देता येतो. सगळ्यांनी आपापली लोकल प्रत उघडायची, सगळ्यांच्या सामायिक सेंट्रल फाइलीला हात लावायचा नाही, जेवायला जाताना सिंक करायचं. कुठला वर्कसेट चालू आहे हे पाहायला विसरायचं मात्र सगळ्यांनाच जमतं. आमच्याकडे अजून 'वर्कसेट १' मध्ये एक फायर पंप राहतो.

पैशांचं थोडक्यात. कायमचा परवाना विकणं ऑटोडेस्कने २०१६ मध्ये थांबवलं, आता वर्षाची वर्गणी. ऑटोकॅड आणि नेव्हिसवर्क्सही (सगळ्यांची मॉडेलं जुळवून बघायचं सॉफ्टवेअर) लागणार असेल तर एईसी कलेक्शन हा एकत्र गठ्ठा सुटं-सुटं घेण्यापेक्षा परवडतं. काही दिवस फुकट वापरून पाहता येतं, पण ते दिवस सुरू करायच्या आधी आर्किटेक्टची फाइल, पाइपांचे तक्ते, डीबीची यादी हाताशी ठेवा, नाहीतर मांडणीतच ते संपतील. पायरेव्हिट नावाचं एक मोफत अवजार जोडून घ्या. वारंवारची कामं त्याने हलकी होतात.

आमची मांडणी अकरा दिवस चालली. तेवढ्या वेळात ऑटोकॅडमध्ये दोन मजले काढून झाले असते, आणि हे मला चौथ्या दिवशी फार जोरात जाणवलं होतं. म्हणून वर्गणी भरली की रेव्हिट आलं असं समजू नका. अर्धंच येतं. उरलेलं अर्धं, म्हणजे तुमचे पाइप, तुमचे व्होल्ट, तुमचा नहाणी ट्रॅप, तुम्ही स्वतः घडवायचं असतं. दुसरं काम, चाकणजवळचं एक गोदाम अधिक ऑफिस, आम्ही त्याच मांडणीच्या टेम्पलेटवरून दीड दिवसात मांडलं. त्यातला अर्धा दिवस आर्किटेक्टची फाइल फुटात आली म्हणून गेला.

टेम्पलेट मागायला बरेच जण येतात. एका ओळखीच्या मुलाला मी दिलं, तो शाळेच्या इमारतीचं काम करत होता. महिन्याभराने त्याचा फोन. 'ताई, एक विचारायचं होतं. आमच्या शाळेच्या लेजेंडमध्ये, म्हणजे खुणांच्या यादीत, ऑक्सिजन नि व्हॅक्यूमची लाइन छापून आलीय, आणि मुख्याध्यापक विचारतायत की ही कुठल्या वर्गात येणार.'